ऱ्हाइनची पार्श्वभूमी: मीठ, आग आणि सॅमन

नदीचा तंटा म्हटला की आपल्याला कृष्णा-कावेरी आठवते. भांडण असतं कोणाला किती टीएमसी याचं. ऱ्हाइनचं भांडण घाणीचं होतं. आल्प्समधून निघून सुमारे 1,230 किलोमीटर वाहणारी ही नदी नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. वरच्या देशांनी जे सोडलं ते शेवटी डचांच्या वाट्याला यायचं.

जहाजांसाठीचा आयोग 1815 च्या व्हिएन्ना परिषदेतून आला, सॅमनच्या मासेमारीचा करार 1885 मध्ये झाला. पाण्याच्या शुद्धतेसाठी मात्र 1950 उजाडावं लागलं. डचांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंड, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांचा आयोग बासेलला स्थापन झाला. 1963 च्या बर्न कराराने त्याला कायदेशीर पाया मिळाला. सुरुवातीचं काम अगदी रुक्ष होतं: नमुने कुठे, कसे घ्यायचे आणि कोणत्या पद्धतीने तपासायचे, हे पाचही देशांनी ठरवायचं. आकड्यांवरच एकमत नसेल तर वाद कशावर घालणार?

पहिली मोठी परीक्षा मिठाची. फ्रान्समधल्या अल्सास भागातल्या खाणींत पोटॅश (खतासाठीचं खनिज) काढल्यावर उरलेलं साधं मीठ फ्रान्स नदीत सोडत असे. त्याने डच शेतीचं आणि पिण्याच्या पाण्याचं नुकसान व्हायचं. 1976 च्या करारानुसार पहिल्या टप्प्यात सेकंदाला 20 किलो, म्हणजे दिवसाला सुमारे 1,700 टन क्लोराइड (मिठातला एक घटक) अल्सासच्या जमिनीखाली जिरवायचं ठरलं. खर्चाची वाटणी अशी: नेदरलँड्स 34 टक्के, फ्रान्स आणि जर्मनी प्रत्येकी 30, स्वित्झर्लंड 6. ज्याचं नुकसान होत होतं त्यालाच सर्वांत मोठं बिल! तरीही काम अडलं. आपलं भूजल खारं होईल म्हणून अल्सासचे लोक विरोधात उभे राहिले आणि करार लागू व्हायला 1985 उजाडलं. पुढे 1991 मध्ये सोपी तोड निघाली: जर्मन-डच सीमेवर क्लोराइड लिटरला 200 मिलिग्रॅमच्या वर गेलं की मीठ खाणीवरच साठवायचं.

आयोगाला खरा वेग दिला तो 1 नोव्हेंबर 1986 च्या आगीने. बासेलजवळ श्वाइझरहाल्ले इथे सँडोझ कंपनीचं रसायनांचं गोदाम पेटलं. आग विझवायला मारलेलं पाणी अडवणारं कुंडच तिथे नव्हतं. कीटकनाशकं आणि पारायुक्त द्रव्यं घेऊन ते गटारातून थेट नदीत गेलं. पाणी लाल झालं, खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले, पाणीपुरवठा केंद्रांना उपसा थांबवावा लागला. वर्षभरात कृती कार्यक्रम मंजूर झाला: 1995 पर्यंत ठरावीक प्रदूषकं निम्म्यावर आणायची, साठवणुकीच्या जागी आग विझवायचं पाणी अडवणारी कुंडं बांधायची, अपघाताची सूचना खालच्या केंद्रांना तातडीने द्यायची.

शिवाय 2000 पर्यंत नाहीसा झालेला सॅमन परत आणायचा. हे उद्दिष्ट हुशारीचं होतं. मिलिग्रॅम लोकांना दिसत नाहीत, मासा दिसतो. पण मासा समुद्रातून नदीत वर जायचा तर नुसतं स्वच्छ पाणी पुरत नाही, बंधाऱ्यांना मत्स्यमार्गही, म्हणजे माशांना ते ओलांडायच्या वाटाही, लागतात. इफेत्सहाइमच्या बंधाऱ्याचा 2000 मध्ये झाला, गाम्ब्सहाइमचा 2006 मध्ये, स्ट्रासबर्गचा 2016 मध्ये.

मुखाशी डचांच्याच हारिंगव्लीट धरणाची समुद्र अडवणारी दारं आडवी होती. ती भरतीच्या वेळीही किंचित उघडी ठेवायला 2018 मध्ये सुरुवात झाली. नदीला पाणी कमी असलं की मात्र ती बंद करतात, कारण समुद्राचं मीठ आत शिरून गोडं पाणी बिघडतं.