बहिर्गामी कॉलर आयडी, ईपीएबीएक्सवरील

कार्यालयातील ईपीएबीएक्स (अंतर्गत स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज) किंवा आयपी-पीबीएक्समधून (त्याचा इंटरनेट-तंत्रावरचा प्रकार) बाहेर जाणाऱ्या कॉलसोबत कोणता क्रमांक पाठवायचा, हे ठरवण्याची योजना. घरच्या साध्या लाइनवर हा प्रश्न उद्भवत नाही. तारेची जोडी एक्स्चेंजला माहीत असते आणि तिचाच क्रमांक पुढे जातो. शंभर एक्स्टेंशन (टेबलांवरचे अंतर्गत फोन) मोजक्या ट्रंकवरून (सेवापुरवठादाराच्या एक्स्चेंजला जोडणाऱ्या लाइनींवरून) बाहेर बोलू लागली की बोर्डाचा मुख्य क्रमांक, विभागाचा क्रमांक की टेबलावरचा डीआयडी (बाहेरून थेट लागणारा) क्रमांक, अशी निवड करावी लागते. ही निवड ईपीएबीएक्स करतो असे सरसकट म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता तो केवळ दावा करतो. दावा मान्य करायचा की नाही हे सेवापुरवठादाराचे एक्स्चेंज ठरवते.

उगम : कॉलर आयडीच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. अथेन्समध्ये १९६८ च्या सुमारास काम सुरू केलेले ग्रीक अभियंता थिओडोर पारास्केवाकोस यांना १९७४ मध्ये अमेरिकेत अंकीय माहिती पाठवणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळाले, आणि बहुतेक संदर्भग्रंथ तिथूनच सुरुवात करतात. जपानचे काझुओ हाशिमोतो यांचा क्रमांक दाखवणारा नमुना १९७६ चा, पेटंट १९८० चे. ब्राझीलमध्ये नेलिओ झोझे निकोलाई यांना जनक मानतात. त्यांच्या यंत्राचे ‘बिना’ हे नाव तिथे सामान्यनामच झाले आणि हक्कासाठीचे खटले अनेक वर्षे चालले. दोन घंट्यांमधल्या शांत अवकाशात माहिती पाठवण्याची, पुढे रूढ झालेली रीत मात्र बेल प्रयोगशाळेतील कॅरोलिन डाउटी यांच्या १९८५ च्या पेटंटात स्पष्टपणे दिसते. समाजमाध्यमांवर भौतिकीविद शर्ली जॅक्सन यांचे नाव फिरते, त्याला पेटंटांचा आधार नाही.

हा सगळा वाद येणारा क्रमांक दाखवण्याविषयीचा आहे. पाठवायचा क्रमांक ग्राहकाच्या यंत्रणेने सुचवण्याची रीत या पेटंटांपेक्षा आयएसडीएन या अंकीय टेलिफोन जाळ्याच्या क्यू.९३१ या तांत्रिक शिफारशीशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. ती १९८० च्या दशकात आकाराला आली.

क्यू.९३१ मधील सेटअप संदेशात (कॉल सुरू करणाऱ्या संदेशात) कॉल करणाऱ्याच्या क्रमांकासाठी स्वतंत्र घटक असतो. त्यात अंकांबरोबर दोन छोटे निर्देशक येतात, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. पहिला सांगतो की क्रमांक दाखवावा, लपवावा की तो उपलब्धच नाही. दुसरा छाननीचा : ग्राहकाने दिलेला पण न तपासलेला, तपासून योग्य ठरलेला, तपासून अयोग्य ठरलेला आणि नेटवर्कने स्वतः घातलेला, अशा त्याच्या चार अवस्था आहेत. पीआरआयवर (आयएसडीएनच्या अनेक वाहिन्यांच्या ट्रंकवर) १०० क्रमांकांची मालिका घेतली असेल तर एक्स्चेंज आलेला क्रमांक त्या मालिकेत बसतो का ते पाहते; न बसल्यास सहसा पायलट (त्या ट्रंकचा मुख्य) क्रमांक घालून कॉल पुढे सोडते. नाशिकच्या ट्रंकवरून मुंबईच्या मुख्यालयाचा ०२२ चा क्रमांक पाठवला, तरी पलीकडे नाशिकचाच पायलट दिसतो तो यामुळे. दोष ईपीएबीएक्सचा समजून तासन्‌तास सेटिंग बदलत बसणे व्यर्थ आहे.

एसआयपी ट्रंकवर (इंटरनेट-तंत्राने कॉल जोडणाऱ्या ट्रंकवर) हेच काम संदेशातील ‘फ्रॉम’ हे शीर्ष आणि २००२ च्या आरएफसी ३३२५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवज) मधील ‘पी-असर्टेड-आयडेंटिटी’ यांत विभागलेले आहे. दुसरे शीर्ष परस्परविश्वासाच्या कक्षेतच ग्राह्य असते. क्रमांक +९१ सह, शून्यासह की नुसता दहा अंकी द्यायचा, हे पुरवठादारागणिक बदलते. ते लेखी घ्यावे.

ॲस्टेरिस्क या पीबीएक्स-सॉफ्टवेअरवर आधारलेल्या फ्रीपीबीएक्स या प्रणालीत सामान्यतः एक्स्टेंशनवर नोंदलेला क्रमांक आधी, नंतर आउटबाउंड रूटचा (बाहेरच्या कॉलसाठी ठरवलेल्या मार्गाचा), शेवटी ट्रंकचा, असा अग्रक्रम आहे. रूट किंवा ट्रंकवर सक्ती केल्यास तो उलटतो. आपत्कालीन कॉलसाठी वेगळा क्रमांक नोंदता येतो आणि तो रिकामा ठेवू नये. परत आलेला फोन जिथे कोणी उचलेल असाच क्रमांक पाठवावा, हे तत्त्व हस्तपुस्तिकांत क्वचित लिहिलेले असते, पण फोन करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे.

भारतात प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत. सेवाविषयक कॉलसाठी १६० ची मालिका २०२४ मध्ये पुढे आली. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार दूरसंचार ओळखचिन्हात फेरफार करणे हा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंडाचा, अथवा दोन्ही शिक्षांचा गुन्हा आहे. क्रमांकाबरोबर नावही दाखवण्याची शिफारस ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. मोठ्या संख्येने जोडण्या घेणाऱ्या संस्थांना नोंदणीकृत व्यापारी नाव दाखवता यावे, असे तीत म्हटले आहे. अमेरिकेत मोठ्या दूरध्वनी कंपन्यांच्या आयपी जाळ्यांना ३० जून २०२१ पासून ‘स्टर-शेकन’ ही सांकेतिक सहीची पद्धत बंधनकारक झाली. तीत पुरवठादार क्रमांकाच्या खरेपणाची अ, ब, क अशा तीन स्तरांची हमी देतो.

फॉरवर्ड केलेल्या कॉलचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. बाहेरच्या माणसाचा कॉल एक्स्टेंशनवरून कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर वळवला तर मूळ क्रमांक दिसणे उपयोगाचे, पण तो कार्यालयाच्या मालिकेतला नसल्याने छाननीत अडकतो. त्यासाठी वळवणाऱ्याचा क्रमांक वेगळा सांगणारे ‘डायव्हर्जन’ शीर्ष आरएफसी ५८०६ मध्ये (२०१०), तर वळवलेल्या कॉलची सही आरएफसी ८९४६ मध्ये (२०२१) नोंदली गेली.