एसीचा रिमोट आणि आपला आळस

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले की नवीन एसी २० डिग्रीच्या खाली जाणारच नाहीत असा नियम आणणार, आणि लगेच आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर 'आता रिमोटपण सरकारच्या हातात का' सुरू झालं. पण भारतात स्टार लेबलवाल्या रूम एसींना १ जानेवारी २०२० पासून २४ डिग्रीचं डीफॉल्ट सक्तीचं आहेच, म्हणजे कंपनीतून येतानाच २४वर लावलेला, पुढे तुम्ही १८ करा नाहीतर २८, कोण विचारतंय! बंदी वेगळी, डीफॉल्ट वेगळं. आणि मला खरी मजा वाटते ती डीफॉल्टची.

ओईसीडी म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची पॅरिसमधली आर्थिक संघटना, तिच्या एका ऑफिस बिल्डिंगमध्ये ऐन थंडीत ६ आठवडे एक प्रयोग झाला होता, २०१३ साली छापून आला. हीटिंगच्या थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमान लावायच्या बटणाचं, डीफॉल्ट काही खोल्यांत १ डिग्रीने उतरवलं, काहींत २ डिग्रीने. डीफॉल्ट १ डिग्रीने उतरलं की लोकांनी स्वतः ठेवलेलं तापमान सरासरी ०.३८ डिग्रीने खाली आलं. अख्खी १ का नाही, तर काही जणांनी उठून परत वाढवलंच. आता नुसतं आधी-नंतर बघून भागत नाही, कारण बाहेरची थंडीपण रोज बदलते, म्हणून ज्या खोल्यांत काहीच केलं नाही तिथला फरक आधी मोजायचा आणि तो डीफॉल्ट उतरवलेल्या खोल्यांतल्या फरकातून वजा करायचा, म्हणजे फरकातला फरक, तोच डीफॉल्टचा खरा परिणाम. (डोकं गरगरलं तर हे वाक्य सोडून द्या.)

गंमत पुढे आहे. २ डिग्रीने उतरवल्यावर परिणाम वाढायला हवा ना? उलट कमी झाला. मला यातलं गणित असं दिसतं की १ डिग्रीचा गारठा उठून बटण दाबण्याच्या कंटाळ्यापेक्षा कमी पडतो, २चा जास्त, आणि एकदा का माणूस खुर्चीतून उठला की तो थोडंसं वाढवून थांबत नाही, मनासारखंच करून बसतो. ज्यांना आधीपासून सारखी बटणं दाबायची खोड होती त्यांच्यावर डीफॉल्टचा असर कमी दिसला.

कागदाचंही तेच. स्वीडनमधल्या एका विद्यापीठात प्रिंटरचं डीफॉल्ट पाठपोट केल्यावर कागद १५ टक्के कमी लागला, आणि 'कागद वाचवा' असं नुसतं आवाहन केलं त्याचा परिणाम शून्य.

डीफॉल्ट सोडून सवयीवर भरवसा ठेवायचा तर '२१ दिवसांत सवय लावा'वाले फॉरवर्ड विसराच. लंडनच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला ६६च्या आसपास दिवस निघाले होते, आणि माणसागणिक १८ ते २५४.

आमच्या प्रिंटरवर 'झाडे वाचवा' कित्येक वर्षं चिकटवलेलं आहे, लॅमिनेट करून. शेवटी आयटीतल्या पोराला सांगून पाठपोट करून घेतलं. आठवडाभर कुणाच्या लक्षातपण आलं नाही, फक्त अकाउंट्सवाले तिसऱ्या दिवशी ओरडत आले की चलनाच्या मागे दुसरं चलन छापलं जातंय, आणि आपल्या मशीनवर परत एकबाजू करून गेले.