‘एट’ म्हणजे नेमके किती?

सल्फेटमध्ये ऑक्सिजनचे अणू चार, सल्फाइटमध्ये तीन. नायट्रेटमध्ये मात्र तीन आणि नायट्राइटमध्ये दोन. मग ‘एट’ म्हणजे किती? सूत्रे पाठ करताना हा प्रश्न पडतोच. ‘एट’ला ठरलेला आकडाच नाही, ‘आइट’पेक्षा ऑक्सिजन जास्त, एवढेच तो सांगतो. हे प्रत्यय ठरले तेव्हा अणू मोजायची सोयच नव्हती.

साल १७८७. पॅरिसमध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्र्वा या चौघांनी रासायनिक नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी ‘अँटिमनीचे लोणी’, ‘गंधकाचे यकृत’ असली नावे चालत. आपले मोरचूद, हिराकस, टाकणखार त्याच जातीचे: बाजारात मागायला सोपे, पण आत काय आहे याचा पत्ता नाही. मोर्व्हो मूळचा दिजाँचा वकील. नावातून घटक कळलेच पाहिजेत, हा त्याचा आग्रह. डाल्टनचा अणुसिद्धांत अजून यायचा होता. त्यामुळे जास्त ऑक्सिजनचे आम्ल ते सल्फ्युरिक, त्याचा क्षार सल्फेट. कमीचे ते सल्फ्युरस, त्याचा क्षार सल्फाइट. दोन प्रत्ययांत भागले.

‘आइड’ची गंमत वेगळी. ऑक्सिजनचे डोके आणि ‘आसिद’, म्हणजे आम्ल, या फ्रेंच शब्दाचे शेपूट जोडून ‘ऑक्साइड’ झाले. पुढे इंग्रजीत तेच शेपूट क्लोराइड, सल्फाइडला लागले. त्यांत ऑक्सिजनचा मागमूस नाही. फ्रेंच मंडळी आजही ‘क्लोर्यूर’च म्हणतात.

क्लोरीनने मात्र पंचाईत केली. त्याचे ऑक्सिजनयुक्त आयन (विद्युतप्रभार असलेले अणुगट) चार आणि प्रत्यय दोनच! मग खाली ‘हायपो’, वर ‘पर’ असे उपसर्ग लावावे लागले: हायपोक्लोराइट, क्लोराइट, क्लोरेट, परक्लोरेट. इथे ऑक्सिजनचे अणू १, २, ३, ४ असे सरळ चढतात, पण तसे सगळीकडे होत नाही.

धातूंचेही तेच. क्युप्रस म्हणजे तांब्याचा प्रभार +१, क्युप्रिक +२. पण फेरस +२ आणि फेरिक +३. आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनज्ञाने १९१९ मध्ये यावर सरळ तोडगा सुचवला: धातूच्या नावापुढे कंसात हा प्रभार सांगणारा रोमन आकडा. पाठ्यपुस्तकांनी तो घेतला. औषधाच्या दुकानातली लोहाची गोळी मात्र अजून ‘फेरस’च आहे.