जांभळाचा मध, कारवीचा मध: मध केंद्र योजनेचा अर्ज आणि त्यापुढची कागदपत्रं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मधपेटी ठेवायची इच्छा असलेली माणसं पुष्कळ भेटतात. अर्ज कुठे द्यायचा, सातबारा लागतो का, दहावी झालेली नसेल तर चालेल का, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

योजनेचं नाव मध केंद्र योजना. ती महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची आहे आणि मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. अर्जासाठी आपल्या जिल्ह्याच्या जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठायचं. ५० टक्के अनुदान साहित्याच्या रूपात मिळतं, उरलेले ५० टक्के आपण घालायचे. रोख रक्कम हातात पडत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. प्रशिक्षण मोफत असतं आणि हमीभावाने मध खरेदी होते.

वैयक्तिक मधपाळ म्हणून अर्ज करायचा तर साक्षर असणं आणि वय १८ पूर्ण असणं पुरे. स्वतःची शेती असेल तर प्राधान्य मिळतं. हे प्रशिक्षण १० दिवसांचं. केंद्रचालक व्हायचं असेल तर किमान दहावी, वय २१ च्या वर आणि किमान १ एकर जमीन लागते, शिवाय इतरांना शिकवण्याची तयारी आणि सोय हवी. त्यांचं प्रशिक्षण २० दिवस चालतं. संस्थेला नोंदणी, १ एकर जमीन आणि १००० चौरस फुटांची इमारत लागते. निवड झाली की प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी मध व्यवसाय सुरू करण्याचं बंधपत्र लिहून द्यावं लागतं, तेव्हा नुसत्या हौसेपोटी सही करू नका. छंद म्हणून शिकणाऱ्यांसाठी योजनेत वेगळं छंद प्रशिक्षण आहे.

आधार, फोटो, बँक पासबुकाची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा आणि आठ-अ एवढं जवळ ठेवून जा. आपल्याकडे गाडं अडतं ते सातबाऱ्यावर. एका उताऱ्यावर पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईत. पण केंद्रचालकासाठी जमीन कुटुंबातल्या कुणाच्याही नावे किंवा भाड्याने घेतलेली चालते. वाटण्यांची वाट बघत बसण्यापेक्षा रीतसर भाडेकरार करून घ्या.

आता मधाकडे वळतो, कारण माझा जीव तिथे आहे. आमच्या पडवीत दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एक नारळी-पोफळीच्या बागेतल्या पेटीची, दुसरी वरच्या जांभळांच्या राईतली. जांभळाचा मध गडद असतो. चमचाभर जिभेवर धरला की आधी गोड लागतो आणि गिळताना घशाशी बारीकशी कडवट-तुरट चव राहते. पाव्हण्यांना तो भेसळीचा वाटतो; खरं तर तीच त्याची ओळख. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं, त्यामुळे तिचा मध ज्याला मिळाला तो नशीबवान. खाद्य सुरक्षेच्या मानकांतही कारवीच्या मधाला वेगळी सवलत आहे: बहुतेक मधात सुक्रोज, म्हणजे साखर, ५ टक्क्यांपर्यंत चालतं, कारवीच्या मधात १० टक्क्यांपर्यंत.

विक्री करायची तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाने अन्न सुरक्षा नोंदणीच्या फॉस्कॉस (FoSCoS) संकेतस्थळावर 'फॉर्म ए' भरायचा. फोटो आणि ओळखपत्र लागतं. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर छापायचा. मात्र लेबलवर 'जांभूळ मध' लिहायचं असेल तर मधातल्या परागकणांत जांभळाचे किमान ४५ टक्के असले पाहिजेत. पेटी जांभळाखाली ठेवली म्हणून ते नाव आपोआप लागत नाही. तपासणी झाली नसेल तर नुसतं 'मध' लिहा.

पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. सातेरी या आपल्याकडच्या मधमाशीच्या मधात पाणी मुळातच जास्त असतं. एका वर्षी मी मधकोठीतल्या, म्हणजे पेटीत मध साठतो त्या भागातल्या, चौकटी घाईने काढल्या. निम्म्या घरांना माश्यांनी मेणाची झाकणंसुद्धा घातली नव्हती, म्हणजे मधातलं पाणी अजून पुरतं आटलं नव्हतं. जूनमध्ये बाटली उघडली तर फस्स करून फेस आला आणि आंबूस वास सुटला.

असाच आंबवलेला मध, पण पाणी आणि यीस्ट घालून मुद्दाम नीट केलेला, म्हणजे मीड. परदेशात हौशी लोकांच्या स्पर्धा असतात आणि तिथे असलेल्या आपल्या मुलाबाळांना त्यात रस असतो. इथे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे. 'थोडंसंच, स्पर्धेपुरतं' अशी पळवाट त्यात नाही. जिथे कायद्याने मुभा आहे, तिथल्या स्पर्धा बहुतेक वेळा बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या नियमांवर चालतात. प्रवेशिकेत मीड किती गोड, किती तीव्र आणि त्यात बुडबुडे कितपत, हे तिन्ही लिहावंच लागतं. गुण ५० पैकी: वासाला १०, रूपाला ६, चवीला २४ आणि एकंदर प्रभावाला १०. मध कोणत्या फुलाचा हे लिहिणं ऐच्छिक असतं, पण एकदा लिहिलं की परीक्षक त्याच फुलाची ओळख पेल्यात शोधतो. ती सापडली नाही तर गुण जातात.

म्हणून गावाकडून कुणाला मध दिलात तर सोबत एक कागदही द्या: पेटी कुठे होती, मध कोणत्या तारखेला काढला, त्या आठवड्यात आसपास काय फुललं होतं.