डाग काढणे, कपड्यांवरील

तंतूंत मुरलेला आणि साध्या धुण्याने न निघणारा रंग किंवा चिकटा घरच्या साधनांनी घालवण्याची क्रिया. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशमी व लोकरी वस्त्रांना खारी माती, कुतपांना रिठा, अंशुपट्टांना बेलफळ आणि क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांना पांढरी मोहरी सांगितली आहे. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० यांदरम्यान मानतात. कुतप म्हणजे नेपाळी कांबळे, असा अर्थ मनुस्मृतीचा टीकाकार कुल्लूकभट्ट देतो. अंशुपट्ट हे बहुधा तलम वस्त्र असावे. ही विधाने केवळ धार्मिक शुद्धीची आहेत असे म्हणता येईल. तथापि अमेध्य म्हणजे अपवित्र पदार्थाचा लेप व गंध जाईपर्यंत माती आणि पाणी वापरत राहावे, असे त्याच अध्यायात पुढे म्हटलेले असल्याने प्रत्यक्ष डाग घालवणेही त्यात अभिप्रेत होते, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. येथील वर्गीकरण डागानुसार नसून वस्त्रानुसार आहे, ही गोष्ट विशेष मोलाची आहे; कारण सुती कापडाला मानवणारा धुण्याचा सोडा रेशीम व लोकर यांच्या प्रथिनमय तंतूंना इजा करतो.

मराठी घरात सर्वाधिक छळणारा डाग हळदीचा. त्यातील कुर्कुमीन हे द्रव्य १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले व त्याची रासायनिक संरचना १९१० मध्ये निश्चित झाली. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पांढऱ्या सदऱ्यावरील वरणाच्या पिवळ्या डागावर साबणाची वडी फिरवताच तो तांबडा होतो, तो क्षारामुळे. भरपूर पाण्याने खळबळल्यावर किंवा लिंबाचा रस लावल्यावर पिवळेपणा परत येतो. खरा उतार पडतो तो उन्हाने, कारण प्रकाशात कुर्कुमिनाचे विघटन होते. म्हणून साबणाने धुऊन ओले कापड उन्हात घालणे आणि गरजेप्रमाणे हे पुन्हा करणे, हाच सुती कापडासाठी सर्वांत भरवशाचा उपाय होय.

रक्ताच्या डागावर गार पाणीच वापरावे, कारण उष्णतेने प्रथिने गोठून तंतूंना घट्ट धरतात. लोखंडाच्या गंजावर लिंबू व मीठ चालते. केळीच्या चिकाचा डाग हवेने काळपट होत जातो, तेव्हा तो ताजा असतानाच धुवावा. बिब्ब्याचा डाग मात्र घरगुती उपायांना दाद देत नाही. परीट कपड्यांवर खुणा करण्यासाठी त्याचाच रस वापरीत.