मीन्स टेस्टचा राग आणि ब्रिटनचं वेल्फेअर स्टेट

ब्रिटनचं वेल्फेअर स्टेट (आजारपण, बेकारी, म्हातारपण यात सरकारने नागरिकांना सांभाळायची व्यवस्था) म्हटलं की सगळे थेट १९४८ आणि एनएचएसवर, म्हणजे सगळ्यांना फुकट उपचार देणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेवर येतात, पण माझ्या मते सुरुवात १९३१ पासून करायला पाहिजे. त्या वर्षी मंदीत खर्च कापायचा म्हणून सरकारने बेकारभत्त्याला मीन्स टेस्ट लावली, म्हणजे विम्यातून मिळणाऱ्या भत्त्याचे २६ आठवडे संपले की पुढचे पैसे द्यायच्या आधी सरकारी माणूस घरी येणार, कोण किती कमावतं ते विचारणार, सामानसुमान बघणार आणि पोरगं कमवायला लागलं की बापाचा भत्ता कापणार. काही घरांतली कमावती पोरं त्यापायी वेगळी राहायला गेली. खाणी आणि जहाजबांधणीच्या गावांमध्ये हा अपमान कोणी विसरलं नाही.

आधी काहीच नव्हतं असंही नाही. १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग पेन्शन होतं, १९११ ला अर्थमंत्री लॉइड जॉर्जने आजारपणाचा विमा आणला, पण डॉक्टर फक्त कामगाराला, बायकोपोरांनी आपलं बघून घ्यायचं. आणि सगळ्याच्या तळाशी पुअर लॉ, म्हणजे गरिबांना वर्कहाउसमध्ये ठेवून कामाच्या बदल्यात आसरा देणारा जुना कायदा.

१९४१ मध्ये विल्यम बेव्हरिजला (जन्म बंगालमधल्या रंगपूरचा, वडील आयसीएस) विमा योजना तपासायच्या कमिटीवर बसवलं, खरं तर कामगार मंत्रालयातली त्याची कटकट टाळायला. काम रटाळ होतं, पण बाबाने त्यातून अख्खा आराखडाच काढला आणि बाकीचे मेंबर सरकारी नोकर, म्हणून रिपोर्टवर सही त्याच्या एकट्याची. रिपोर्ट १ डिसेंबर १९४२ ला आला, नुकतीच ब्रिटनने इजिप्तमधली एल अलामेनची लढाई जिंकलेली, लोकांनी रांगा लावून लाखो प्रती घेतल्या. मुख्य कल्पना साधीच होती, सगळ्यांनी सारखा हप्ता भरायचा, अडचणीत सगळ्यांना सारखा भत्ता, आणि तो हक्काचा, घरात डोकवायला कोणी येणार नाही. लोकांना हेच सगळ्यात जास्त भावलं असणार.

चर्चिलला पैशाची चिंता, त्यामुळे युद्ध संपेपर्यंत थांबा असा सूर, मग फेब्रुवारी १९४३ ला संसदेत मजूर पक्षाच्या खासदारांनी बंड केलं आणि १९४५ ला त्याच पक्षाला ३९३ जागा मिळून सत्ता आली. पुढे अ‍ॅटली सरकारने कायद्यांचा धडाका लावला आणि ५ जुलै १९४८ ला नवा विमा, एनएचएस, नॅशनल असिस्टन्स (विम्यातून भागत नाही त्यांना सरकारी मदत) सगळं एकाच दिवशी सुरू, पुअर लॉ रद्द. वेल्सच्या ट्रेडेगरमधला खाणकामगार अनायरिन बेव्हन आरोग्यमंत्री होता, डॉक्टरांची संघटना शेवटपर्यंत अडून बसलेली, शेवटी मोठ्या डॉक्टरांना प्रायव्हेट प्रॅक्टिस चालू ठेवायची सूट देऊन त्याने मार्ग काढला.

आपल्याकडेही तेव्हाच, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कामगार खातं बघत असताना, १९४४ ला प्रा. आडारकरांनी कामगार आरोग्य विम्याचा रिपोर्ट दिला, त्यातूनच १९४८ चा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा आला.

बेव्हरिजचं गणित मात्र पुरतं जमलं नाही. एकट्या माणसाचं पेन्शन आठवड्याला २६ शिलिंग, त्यात भाडं भागवणं कठीण, त्यामुळे बऱ्याच म्हाताऱ्यांना नॅशनल असिस्टन्सकडे जावं लागलं, आणि तिथे मीन्स टेस्ट होतीच, फक्त पोरांची कमाई आता बापाच्या नावावर धरत नव्हते. १९५१ ला कोरियाच्या युद्धासाठी शस्त्रखर्च वाढला तेव्हा सरकारने कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावले, आणि बेव्हनने राजीनामा दिला.