दरड, पूर आणि नऊ आठवडे: आपत्तीतल्या गर्भपात सेवेची पार्श्वभूमी

१२ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने वैद्यकीय गर्भपाताचे सुधारित नियम जाहीर केले. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान कोणाकोणाला गर्भपात करून घेता येईल, याची यादी त्यात आहे. बलात्कारपीडित स्त्रिया, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग. यादीच्या शेवटी एक नवं कलम आहे: मानवतावादी संकटात, आपत्तीत किंवा आपत्कालीन परिस्थितीत सापडलेल्या गरोदर स्त्रिया, अर्थात शासनाने ती परिस्थिती तशी जाहीर केली असेल तर. गर्भपात कायद्याला पन्नास वर्षं झाल्यावर आपत्तीतल्या बाईचा उल्लेख त्यात आला.

कोकणासाठी तो उशिराच आला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा गर्भपात कायद्याचं सुधारणा विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेसाठी थांबलं होतं. राज्यसभेने ते मार्च २०२१ मध्ये संमत केलं. मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. २२ जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. सुधारित कायदा अमलात आला २४ सप्टेंबरला. म्हणजे कागद दिल्लीत पुढे सरकत होता, त्या दीड वर्षात इथे दोन वादळं आणि एक महापूर होऊन गेला.

मूळ कायदा १९७१ चा. त्याआधी १८६० च्या दंड संहितेतलं ३१२ कलम होतं. आईचा जीव वाचवण्यासाठी केलेला सोडून बाकी सगळा गर्भपात गुन्हा, आणि शिक्षा गर्भपात करणाऱ्याला तशी करून घेणाऱ्या बाईलाही. तरी गर्भपात होतच होते, फक्त चोरून, आणि त्यात बाया मरत होत्या. म्हणून १९६४ मध्ये शांतिलाल शहा समिती नेमली गेली. १९६६ मध्ये तिचा अहवाल आला आणि १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. त्याने नोंदणीकृत डॉक्टरला ठराविक अटींवर शिक्षेपासून संरक्षण दिलं. बाईच्या मागणीवर गर्भपात, असं त्यात तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. नव्या न्याय संहितेतही तो गुन्हा ८८ व्या कलमात कायम आहे.

(संततिनियमनाचा विषय मराठीत उघडपणे मांडणारे र. धों. कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत केंद्र काढलं. या किनाऱ्याला हा विषय परका नाही, एवढ्यासाठी सांगितलं.)

आपत्तीतल्या गर्भपाताचा प्रश्न आपल्या शेजारीही उभा राहिला होता. १९७१ च्या युद्धात बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी बांगलादेश सरकारने १९७२ मध्ये गर्भपाताची कडक बंदी तात्पुरती बाजूला ठेवली. पुढे १९७९ मध्ये तिथे ‘पाळी नियमित करण्याची’, म्हणजे पाळी चुकल्यावर लवकरच गर्भाशय रिकामं करण्याची, सेवा सरकारी कार्यक्रमात आली आणि २०१७ नंतर कॉक्स बाजारच्या छावण्यांतल्या रोहिंग्या स्त्रियांना तिचाच आधार मिळाला. आंतरराष्ट्रीय संस्था मात्र कचरत राहिल्या. १९९४ च्या कैरो परिषदेने ठरवलं की जिथे कायदा परवानगी देतो तिथे गर्भपात सुरक्षित असावा आणि गुंतागुंत झाल्यास उपचार सगळीकडे मिळावेत. त्यानंतर संकटकाळासाठी प्रजनन आरोग्याचा किमान सेवासंच तयार झाला. त्यात प्रसूती होती, रक्तस्राव होता, बलात्कारानंतरची काळजी होती. कायद्याच्या चौकटीत सुरक्षित गर्भपात त्यात ठळकपणे आला तो थेट २०१८ च्या आवृत्तीत. परदेशी मदतीचा पैसा गर्भपातासाठी वापरायला अमेरिकेने १९७३ पासून घातलेली बंदी हे त्यामागचं एक मोठं कारण. ‘तशी मागणीच नाही’ हे दुसरं कारण पुढे केलं जायचं. छावणीत सर्वांदेखत बाई हे मागणार कशी, हा विचार त्यात नव्हता.

आता कोकणात या. इथली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर चालतात. चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला गावी येतो. मे संपतो, एसटी आणि कोकण रेल्वे भरभरून परत जातात, आणि जूनच्या पहिल्या पावसात एखाद्या घरात बाईच्या लक्षात येतं की पाळी चुकली. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ती पाळी १ मे ला आली असेल, तर ३ जुलैला नऊ आठवडे भरतात. गोळ्यांनी गर्भपात करायला आपल्या नियमांत हीच मर्यादा आहे. आधी ती सात आठवडे होती, २०२१ मध्ये नऊ झाली. २२ जुलैला, चिपळूण पाण्याखाली होतं त्या दिवशी, हिचे साडेअकरा आठवडे उलटून गेलेले असतात.

म्हणून मला वाटतं, चोवीस आठवड्यांची सवलत आवश्यक असली तरी कोकणातल्या बहुतेक बायांची गरज वेगळी आहे. त्यांना वाढीव मुदतीआधी हवी ती लवकर आणि जवळ मिळणारी सेवा. घाट बंद, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, अशा आठवड्यात तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालयही लांबच असतं. गावातली आशाताई ओळखीची, पण सासूचीही ओळखीची. त्यात अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाते. नवरा लालबागला किंवा विरारला, रस्ता दरडीखाली. सज्ञान स्त्रीला तिच्या एकटीच्या संमतीवर गर्भपात करून घेता येतो, हे १९७१ च्या कायद्यातच आहे. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की घरच्यांची संमती किंवा जादा कागद मागायला कायद्याचा आधार नाही. अविवाहित स्त्रियांनाही वीस ते चोवीस आठवड्यांची तरतूद लागू होते, हेही त्याच निकालाने सांगितलं.

गोळ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त काळजीची. मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही जोडी २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०१५ साली भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी, असा अंदाज एका मोठ्या अभ्यासाने मांडला. महाराष्ट्रात मात्र मुलींचं घटलेलं प्रमाण २०११ च्या जनगणनेत दिसल्यावर औषध दुकानांवर तपासण्यांचा धडाका सुरू झाला आणि बऱ्याच दुकानदारांनी या गोळ्या ठेवणंच सोडलं. लिंगनिदान रोखायलाच हवं. पण गर्भाचं लिंग सोनोग्राफीत दिसू लागतं तोवर गोळ्यांचे नऊ आठवडे केव्हाच संपलेले असतात. एका गुन्ह्याचा बंदोबस्त करताना दुसऱ्याच बाईची वाट अडवली गेली.

ज्या गोळ्या मिळतात त्यांनाही इथली हवा मानवत नाही. मिसोप्रोस्टॉल दमटपणात खराब होतं. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पाकिटातच ते टिकतं, नुसत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात त्याचा जोर कमी होतो. जुलैतल्या कोकणात, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी धरते, ही बाब साधी नाही. गोळी अर्धवट लागू पडली तर रक्तस्राव चालू राहतो आणि बाई अडकते ती रस्ता बंद असतानाच. अशा वेळी हातपंपासारख्या मोठ्या सिरिंजने गर्भाशय रिकामं करता येतं. त्याला वीज लागत नाही, पूर्ण भूलही लागत नाही, सगळं सामान एका पिशवीत मावतं. प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते करू शकतो. तरीही ‘पिशवी साफ करायची’ म्हटलं की बऱ्याच ठिकाणी अजून गर्भाशय खरवडण्याचं जुनं क्युरेटिंगच होतं.

लॉकडाऊनच्या काळात, १४ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत सुरक्षित गर्भपात ही अत्यावश्यक सेवा म्हणून नोंदवली होती, म्हणजे तत्त्वाला विरोध कुणाचाच नव्हता. पावसाळ्याआधी आरोग्य केंद्रांत सर्पदंशावरचं प्रतिविष आणि लेप्टोच्या गोळ्या भरून ठेवतात. प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या बायांची यादी होते. त्याच मे महिन्यात ॲल्युमिनियम पाकिटातल्या गर्भपाताच्या गोळ्या आणि दोन सिरिंज प्रत्येक केंद्रात पोचाव्यात, आणि जिथे डॉक्टरने प्रशिक्षण घेतलेलं नाही तिथे ते पावसाआधी व्हावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि आपत्ती जाहीर नेमकं कोणी करायची, जिल्ह्याने की राज्याने, हे नियमात लिहिलेलं नाही. ते शासनाने एका परिपत्रकात स्पष्ट करावं, म्हणजे वीस आठवडे उलटलेल्या बाईसमोर बसलेल्या डॉक्टरला कोणाच्या आदेशाची वाट पाहायची ते कळेल.